पिढीजात वागणं ख्रिस्तात थांबवताना

“आजोबांचा राग वडिलांत उतरला, वडिलांचा माझ्यात. आमच्या घराण्यावर शाप आहे, तो तोडायची प्रार्थना करा.” मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, अशी विनंती पुष्कळदा होते. प्रार्थना होते, डोळे भरून येतात, माणूस हलका होऊन घरी जातो. पंधरा दिवसांनी मुलाच्या हातून काहीतरी सांडतं आणि पुन्हा तोच आवाज, तेच शब्द. मग वाटायला लागतं की प्रार्थना कमी पडली, विश्वास कमी पडला, नाहीतर शापच फार जुना आहे. बहुतेक वेळा यातलं काहीच खरं नसतं. प्रार्थना मनापासून झालेली असते, पण वागणं जिथून सुरू होतं त्या जागेला कुणी हातच लावलेला नसतो. ती जागा शोधायची कशी आणि तिथे करायचं काय, हे इथे जमेल तितकं नेमकं लिहिते आहे.

आधी शापाचं बोलू. वाडवडिलांच्या अपराधाचं फळ तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत जातं, असं निर्गम २०:५ मध्ये आहे आणि बहुतेकांचं वाचन तिथेच थांबतं. पण त्याच वचनात हे देवाचा द्वेष करणाऱ्यांविषयी म्हटलंय, आणि पुढच्याच वचनात देवावर प्रेम करणाऱ्यांच्या हजारो पिढ्यांवर दया आहे. यहेज्केल संदेष्ट्याच्या काळी बाबेलच्या बंदिवासातले लोक म्हणायचे, बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि पोरांचे दात आंबले. ही म्हण सगळ्यांच्या सोयीची होती, कारण ती म्हटली की आपल्या वाट्याला काही करायचं उरत नाही. देवाने ती म्हण बंद करायला सांगितली (यहेज्केल १८:२-३). त्याच अध्यायाच्या १४व्या वचनात एक मुलगा आहे. बापाने केलेली सगळी पापं तो पाहतो, आणि तसं करत नाही. आधी ‘पाहतो’ हे लक्षात ठेवा, त्यावर पुढे येते.

ख्रिस्ताने आपल्याला शापातून सोडवलं, असं गलतीकरांस ३:१३ स्पष्ट सांगतं. पेत्र आणखी जवळ येऊन सांगतो: वाडवडिलांपासून चालत आलेल्या निरर्थक वागणुकीतून तुमची सुटका ख्रिस्ताच्या रक्ताने झाली आहे (१ पेत्र १:१८-१९). विश्वासणाऱ्याला यावर आणखी एखाद्या शापमुक्तीच्या सभेची भर घालावी लागते असं मला शास्त्रात कुठे दिसत नाही. सुटका झालेलीच आहे. राहते ती अंगवळणी पडलेली वागणूक, आणि ती एकेक प्रसंग करून उतरवावी लागते. तिचे परिणामही राहतात: कर्ज, आजारपण, तुटलेली नाती, भेदरलेली मुलं. क्षमा मिळाली म्हणून हे सगळं आपोआप पुसलं जातं, असं वचन शास्त्रात नाही.

आता हे वागणं उतरतं कसं, ते उत्पत्तीच्या पुस्तकात पाहा. अब्राहामाने मिसरात सारेला बहीण म्हणून सांगितलं (अध्याय १२), पुढे गरारात तेच केलं (अध्याय २०). पकडला गेल्यावर त्याने सफाई दिली की ती खरोखरच माझी सावत्र बहीण आहे. म्हणजे अर्धं खरं. नंतर इसहाक त्याच गरारात गेला आणि रिबकेला बहीण म्हणाला (अध्याय २६). रिबका त्याची बहीण नव्हतीच, चुलतभावाची मुलगी होती. बापाचं अर्धसत्य मुलापर्यंत येताना पुरतं खोटं झालं. बापाने हे केलं तेव्हा इसहाक जन्मलाही नव्हता, म्हणजे त्याने डोळ्यांनी पाहून उचललेलं हे नाही. मग काय उतरलं? तिन्ही प्रसंगांत कारण एकच दिलंय: हिच्यासाठी लोक मला मारून टाकतील. उतरली ती भीती. आपल्या घरातही वरचं वागणं पिढीगणिक बदलतं. आजोबा मारायचे, वडील ओरडायचे, मी नुसता तोंड फिरवतो, आणि म्हणून मला वाटतं की मी सुधारलो. खालची भीती तीच असते: माझा मान जाईल, मला सोडून जातील, पैसा संपेल, लोक काय म्हणतील.

याकोबाचं घर तर आणखी उघडं आहे. इसहाकाचा लाडका एसाव, रिबकेचा लाडका याकोब. याकोबाने करडांची कातडी हाताला गुंडाळून आणि भावाचे कपडे घालून आंधळ्या बापाला फसवलं. पुढे त्याच्याच मुलांनी योसेफाचा झगा बकऱ्याच्या रक्तात बुडवून त्याला फसवलं. बकरं आणि कपडे, दोन्ही वेळा. आणि मुळाशी दोन्ही वेळा बापाने एका मुलाला दिलेलं झुकतं माप.

हे थांबलं कुठे? बहुतेक जण योसेफाचं नाव घेतील. मला वाटतं, आधी त्याचा भाऊ यहूदा याच्याकडे बघावं. योसेफाला विकायची कल्पना त्याची (३७:२६-२७). शेवटी धाकटा भाऊ बन्यामिन याच्या जागी मला गुलाम ठेव म्हणणाराही तोच (४४:३३). मधल्या काळात बाप बदलला नव्हता. योसेफाची आई राहेल हिच्या या उरलेल्या मुलावर याकोबाचा जीव तसाच होता, आणि यहूदा आपल्या भाषणात हे उघड बोलतो: बाप याच्यावर प्रेम करतो, हा परत गेला नाही तर तो मरेल. ज्या गोष्टीने वीसेक वर्षांपूर्वी त्याला पेटवलं होतं, तीच समोर असताना तो वेगळं वागला. या दोन अध्यायांच्या मध्ये ३८वा अध्याय आहे. त्यात यहूदा आपल्या सुनेविषयी, तामारेविषयी, चारचौघांत कबूल करतो की ती माझ्यापेक्षा नीतिमान आहे. बदलाची पहिली खूण तिथे दिसते. घरातला मोठा माणूस सुधारेल मग मी सुधारेन, अशी वाट पाहणाऱ्या प्रत्येकाने हे तीन अध्याय सलग वाचावेत.

तर पहिलं काम, पाहणं. एक मोठा कागद घ्या आणि तीन पिढ्या मांडा: आजी-आजोबा दोन्हीकडचे, आई-वडील आणि त्यांची भावंडं, मग तुम्ही आणि तुमची भावंडं. कौटुंबिक समुपदेशनात याला जीनोग्राम म्हणतात. पुरुषासाठी चौकोन, बाईसाठी गोल, वारलेल्यांवर फुली. नातं घट्ट असेल तर दोन-तीन समांतर रेघा, भांडणाचं असेल तर नागमोडी रेघ, दुरावलेलं असेल तर तुटक रेघ. प्रत्येकाखाली चार गोष्टी लिहायच्या: रागात हा काय करतो, दुःखात काय करतो, पैशाची अडचण आली की काय करतो, आणि कोणत्या विषयावर कधीच बोलत नाही. चौथा प्रश्न टाळू नका. आत्महत्या, अनौरस मूल, तुरुंग, दिवाळखोरी, मानसिक आजार, अशा ज्या गोष्टींवर घराने पडदा टाकलेला असतो, त्यांच्याभोवती बाकीचं वागणं बेतलेलं असतं.

हे एका बैठकीत होत नाही. तास-दीड तास बसा, कागद बाजूला ठेवा, आठवड्याने पुन्हा घ्या. मन जड होतं, झोप उडते, म्हणून रात्री बसू नका आणि सुरुवातीला व शेवटी एखादं स्तोत्र मोठ्याने वाचा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारायचं असेल तर “तुम्ही आम्हाला असं का वागवलंत?” असं विचारू नये, ते लगेच बचावात जातात. “तुमच्या लहानपणी घरात कुणी रागावलं की काय व्हायचं?” असं विचारा. त्यांचंही कुणीतरी बालपण ऐकतंय हे कळलं की माणसं बोलतात.

या कागदाची दोन प्रकारे माती होते. एक, तो आरोपपत्र होतो आणि लिहिणारा स्वतःचा चौकोन रिकामा ठेवतो. स्वतःखालचे चार मुद्दे सगळ्यात आधी लिहा, आणि जोडीदाराला तपासायला द्या. दोन, त्यात नुसतं वाईटच लिहिलं जातं. पौल तीमथ्याला आठवण देतो की तुझ्यातला विश्वास आधी आजी लोईस हिच्यात होता, मग आई युनीके हिच्यात (२ तीमथ्य १:५). कष्टाळूपणा, पाहुणचार, प्रार्थनेची सवय, जे चांगलं उतरलंय तेही दुसऱ्या रंगाने लिहा. नाहीतर माणूस रागाच्या भरात घराण्याचं सगळंच टाकून देतो आणि हातात काही राहत नाही.

कागदावरून एकच सवय निवडा. सगळ्या एकदम नकोत. आणि त्या सवयीचा एक ताजा प्रसंग सुरुवातीपासून शेवटपर्यंत उलगडा. समजा असा:

संध्याकाळची वेळ. ऑफिसात वरिष्ठांनी चारचौघांत खडसावलंय. बाबा घरी येतात, बूट काढतात, कुणाशी न बोलता बसतात. टेबलावर मुलगी अभ्यास करतेय. तिचा कोपर लागून पाण्याचा ग्लास कलंडतो, वही भिजते. बाबा उठून ओरडतात, “तुझ्याच्याने एक काम धड होत नाही!” आई स्वयंपाकघरातून येते आणि मुलीला म्हणते, “कळत नाही का, बाबा दमून आलेत?” मुलगी आत जाते. जेवण मुकाट्याने होतं. दुसऱ्या दिवशी बाबा नवी वही आणतात, सोबत रंगपेटी. कालचा विषय कुणीच काढत नाही.

आपण ‘राग’ म्हणतो तो यातला एक क्षण आहे. त्याच्याआधी ऑफिसातला अपमान आहे, तो कुणाला न सांगणं आहे. त्याच्यानंतर आईने दोष मुलीवर ढकलणं आहे, सगळ्यांचं मौन आहे, आणि माफीच्या जागी आलेली रंगपेटी आहे. त्या संध्याकाळी मुलगी तीन गोष्टी शिकली: मोठ्यांचा मूड सांभाळणं माझं काम आहे, झालेलं बोलायचं नसतं, आणि भेट मिळाली की विषय संपला. उद्या तिचं स्वतःचं घर होईल तेव्हा ती कदाचित कधीच ओरडणार नाही, पण या तीन गोष्टी घेऊन जाईल.

ओरडण्याच्या क्षणी थांबणं सगळ्यात अवघड असतं, म्हणून तिथे सुरुवात करू नका. हा सगळा प्रसंग एक साखळी धरा आणि त्याआधीच्या कडीवर करा. या घरात ती दारात आहे. आत जाण्याआधी दोन मिनिटं बाहेर थांबायचं. स्तोत्र १३९:२३-२४, ‘देवा, माझं मन पारखून पाहा’ या अर्थाची ती प्रार्थना करायची आणि आज काय लागलं ते देवाला एका वाक्यात सांगायचं: “आज माझा अपमान झाला आणि मला भीती वाटतेय.” मग आत जाऊन बायकोला तेच: “आज बोलणी बसली. मी अर्धा तास गप्प बसणार आहे, कुणावर रागावलेलो नाही.” एवढ्याने पुढची अर्धी साखळी लागतच नाही. आईची कडी वेगळी आहे. तिने मुलीजवळ जाऊन “पाणी सांडलं तर पुसू या” म्हणायचं, आणि नवऱ्याशी नंतर एकटीने बोलायचं. एकाच प्रसंगात घरातल्या प्रत्येकाची आपली कडी असते आणि प्रत्येकाने आपलीच धरायची असते.

तरी आवाज चढतोच कधीतरी. शरीर आधी सांगतं: जबडा आवळतो, कान तापतात, श्वास छातीत वर येतो. आपली खूण कोणती ते आधीच ठरवून घरच्यांना सांगून ठेवा. ती दिसली की “मी बाहेर जातोय, अर्ध्या तासात परत येतो” एवढं म्हणून खोली सोडा. चढलेला राग शरीरातून उतरायला किमान वीस मिनिटं धरा. त्या वीस मिनिटांत मनातल्या मनात भांडण चालू ठेवलं तर काही उतरत नाही, म्हणून चाला, भांडी घासा, पाठ केलेलं स्तोत्र म्हणा. आणि सांगितलेल्या वेळेला परत या. परत न येणं हे सुद्धा एक हत्यार आहे, आणि अबोल्याने शिक्षा करणाऱ्या घरांत तेच वापरलं जातं.

इथे इफिसकरांस ४:२६ चा एक घोळ निस्तरायला हवा. सूर्य मावळण्याआधी राग सोडा, याचा अर्थ भांडण आजच निकाली काढा असा लावून नवरा-बायको रात्री एक वाजेपर्यंत वाद घालतात आणि सकाळी जास्त दुखावलेले उठतात. पौलाच्या शब्दांमागे ४थं स्तोत्र आहे, आणि त्यात बिछान्यावर पडून मनाशी विचार करा, गप्प राहा, असंच सांगितलंय. सूड मनात साठवायचा नाही. विषयाला उद्याची वेळ द्यायला काहीच हरकत नाही, फक्त वेळ ठरवून झोपा.

त्याच अध्यायात पौल सवय बदलायची रीतही देतो. जुना मनुष्य उतरवा, नवा परिधान करा, असं म्हणून तो थांबत नाही. २८व्या वचनात चोराला सांगतो: चोरी थांबव, हातांनी काम कर, आणि गरजवंताला देता येईल इतकं मिळव. थांबवणं ही पहिली पायरी झाली, पण चोर बदलला हे तो देऊ लागतो तेव्हा कळतं. आपल्या सवयीला हे लावून पाहा. टोचून बोलणाऱ्याने टोमणा गिळला की जागा रिकामी राहते, आणि ती आठवड्याभरात पुन्हा भरते. तिथे मुलाच्या वागण्यातली रोज एक खरी चांगली गोष्ट नाव घेऊन सांगायची. लपवाछपवीच्या घरात वाढलेल्याने खोटं टाळण्यापुरतं थांबू नये. पैशाचा प्रत्येक मोठा निर्णय चोवीस तासांत जोडीदाराला आपणहून सांगावा. एका मुलाकडे झुकतं माप देणाऱ्याने दर आठवड्याला दुसऱ्या मुलाबरोबर एकट्याने तासभर घालवावा, आणि त्या तासात लाडक्याची तुलना तोंडातून काढू नये.

किती दिवस लागतात? चाळीस दिवसांचा उपास केला की बदल पक्का, अशी अपेक्षा बरेच जण ठेवतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१० साली ९६ जणांच्या साध्या सवयींचा अभ्यास प्रसिद्ध केला. जेवणाबरोबर फळ खाणं, रोज चालायला जाणं अशा सवयी अंगवळणी पडायला मध्यम आकडा ६६ दिवसांचा आला, आणि माणसामाणसांतला फरक १८ पासून २५४ पर्यंत. एखादा दिवस चुकला म्हणून बिघडलं नाही, हेही त्यात दिसलं. फळ खाण्याला एवढे दिवस, तर बापाकडून आलेला आवाज खाली आणायला वर्ष लागलं तर विश्वासाची परीक्षा घेत बसू नका. प्रार्थना आणि उपास यांनी मन नम्र होतं, मदत मागायचं धैर्य येतं. पण मुलाशी हळू आवाजात बोलण्याचा सराव मुलाशी बोलूनच होतो.

कबुलीबद्दल थोडं विस्ताराने लिहिते, कारण तिथे सगळ्यात जास्त गडबड होते. नहेम्या प्रार्थनेत म्हणतो, मी आणि माझ्या बापाच्या घराण्याने पाप केलं (१:६). वाडवडिलांचं पाप तो झाकत नाही आणि स्वतःला वगळतही नाही. देवापुढे दोन वेगळी वाक्यं ठेवा. बापाविषयी: “त्यांनी हे केलं, ते चुकीचं होतं, मला त्याने दुखावलं.” स्वतःविषयी: “मी हे केलं, ते माझं पाप आहे.” दुसऱ्या वाक्यात ‘कारण’ आलं की ते पहिल्या वाक्यात मिसळतं आणि कबुली विरघळते. आणि वडिलांच्या पापाची क्षमा तुम्ही त्यांच्या वतीने मिळवू शकत नाही. यहेज्केल १८:२० प्रमाणे ज्याचं त्याच्याकडे. तुम्ही त्याला सत्य म्हणून नाव देता आणि त्यात सामील होणं थांबवता.

देवाजवळ कबूल केल्यावर एका माणसाजवळही करा. नव्या करारातलं याकोबाचं पत्र (५:१६) एकमेकांजवळ पापं कबूल करायला सांगतं. माणूस नीट निवडा: तुमच्याच लिंगाचा, विश्वासात मुरलेला, तोंडाचा पक्का, आणि तुमच्या घरावर अवलंबून नसलेला. आठवड्यातून एकदा वीस मिनिटं पुरतात. त्याने तीन प्रश्न विचारायचे: या आठवड्यात ती सवय कुठे आली? त्याआधी काय झालं होतं? ज्याला लागलं त्याच्याशी बोललास का? “ठीक चाललंय” हे उत्तर त्याने मान्य करायचं नाही. प्रार्थनासभेत सगळ्यांसमोर “मी पापी आहे, प्रार्थना करा” म्हणणं यापेक्षा फार सोपं आहे, म्हणूनच माणसं त्याच्या आड लपतात.

मग ज्याला लागलं त्याची माफी. मुलाची माफी मागितली तर धाक जाईल, अशी भीती पुष्कळांना असते. मुलांना चिडीस आणू नका, नाहीतर ती खचतील, असं कलस्सैकरांस ३:२१ बापांना उद्देशूनच म्हणतं. वरच्या बाबांनी काय म्हणावं? काहीसं असं: “काल वही भिजली तेव्हा मी तुझ्यावर ओरडलो आणि तुझ्याच्याने काही होत नाही असं म्हणालो. ते खोटं होतं आणि मी चुकलो. माझा राग दुसऱ्याच गोष्टीचा होता. मी देवाजवळ क्षमा मागितली, आता तुझी मागतो. तू आत्ताच काही बोलायला हवंस असं नाही.” यात काय केलं त्याचं नाव आहे, ‘पण’ नाही, आणि लगेच उत्तराची मागणी नाही. “बायबल म्हणतं क्षमा कर” असं दुखावलेल्या मुलालाच ऐकवणं म्हणजे शास्त्राची आणखी एक छडी. रंगपेटी आणायचीच असेल तर माफीनंतर आठवड्याने आणा, म्हणजे ती किंमत वाटणार नाही. जिथे खरं नुकसान झालंय, पैसे उडवलेत, बदनामी केलीय, तिथे जकातदार जक्कयाकडे पाहा. त्याने फसवून घेतलेलं चौपट परत करायचं कबूल केलं (लूक १९:८).

आता आपल्याला ज्यांनी दुखावलं त्यांचं. क्षमा, विश्वास आणि एकत्र राहणं या तीन गोष्टी मंडळीत फार वेळा एकच समजल्या जातात, आणि त्याचा सगळ्यात जास्त मार मुलांना आणि बायकांना बसतो. योसेफाचं उदाहरण पूर्ण वाचा. भाऊ दारात आले तेव्हा त्याने लगेच गळामिठी घातली नाही. ओळख दिली नाही, त्यांचं आपसातलं बोलणं ऐकलं, शिमोनाला ठेवून घेतलं, बन्यामिनाला पाचपट वाढून बाकीचे कसे वागतात ते पाहिलं, गोणीत प्याला ठेवला. मधल्या वेळी आत जाऊन रडलाही. भावांनी पुन्हा धाकट्याला टाकून दिलं नाही, हे दिसल्यावरच त्याने “मी योसेफ” म्हटलं. क्षमा म्हणजे सूड देवावर सोपवणं (रोम १२:१९), आणि ते समोरच्याने काही केलं नाही तरी आपल्याला करता येतं. विश्वास बदललेल्या वागण्यावर बसतो आणि त्याला काळ लागतो. एकत्र राहणं तर दोघांवर अवलंबून असतं. रोम १२:१८ मध्ये पौलही ‘तुमच्याकडून होईल तितकं’ असंच म्हणतो.

आई-बापाचा मान राख, ही आज्ञाही अशीच वापरली जाते. मान राखणं म्हणजे त्यांच्याशी खोटं न बोलणं, म्हातारपणी त्यांची सोय पाहणं, चारचौघांत त्यांची अब्रू न काढणं. त्यांच्या पापाला हो म्हणणं त्यात येत नाही. सीमा आखताना वाक्य लहान ठेवा आणि आपण काय करणार ते सांगा: “तुम्ही मुलांसमोर शिव्या दिल्यात तर आम्ही त्या दिवशी घरी निघून जाऊ.” आणि तसं झालं की शांतपणे निघा, पुढच्या वेळी पुन्हा भेटायला जा. धमकी देऊन न पाळणं हे न बोलण्यापेक्षा वाईट. सुरुवातीचा काही काळ समोरून तेच वागणं वाढू शकतं, कारण जुनी युक्ती आणखी जोर लावून वापरून पाहिली जाते. हे आधी माहीत असलं की माणूस घाबरत नाही.

दोन बाबतींत घरच्या घरी काही करत बसू नका. पहिली, मारहाण आणि लैंगिक अत्याचार. शौलाने भाला फेकला तेव्हा दावीद पळाला. अभिषिक्त राजावर हात टाकला नाही, पण भाल्याच्या टप्प्यातही राहिला नाही. आधी सुरक्षित जागा, मग पोलीस किंवा डॉक्टर, मग बाकीचं. आणि दुसरं टोकही लक्षात ठेवा. दाविदाची मुलगी तामार (यहूदाच्या सुनेहून वेगळी) हिच्यावर तिचा सावत्र भाऊ अम्नोन याने अत्याचार केला तेव्हा दावीद फार रागावला, आणि त्याने केलं काहीच नाही (२ शमुवेल १३:२१). दोन वर्षांनी तिचा सख्खा भाऊ अबशालोम याने अम्नोनाला मारलं. बापाने न केलेला न्याय घरात सूड होऊन आला. दुसरी बाब दारूची. रोज भरपूर पिणाऱ्याने प्रार्थनेनंतर एका रात्रीत ती बंद केली तर पहिल्या काही तासांत घाम आणि थरथर सुरू होते, दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम होऊन जीवही जाऊ शकतो. सोडायचा निश्चय देवापुढे करा आणि सोडताना डॉक्टरांच्या देखरेखीखाली राहा. औषध घेतलं म्हणून विश्वास कमी ठरत नाही.

सवय परत उफाळली तर त्याच दिवशी माफी, दुसऱ्या दिवशी त्या सोबतीच्या माणसाला फोन, आणि साखळीची कोणती कडी निसटली ते वहीत एक ओळ. महिनाभराच्या ओळी एकत्र वाचल्या की काहीतरी ठरावीक दिसतंच: महिनाअखेर, झोप कमी, विशिष्ट नातेवाइकाचा फोन. पुढच्या महिन्यात त्या दिवसांची आधी तयारी करा.

शेवटी पाळकांसाठी आणि वडीलजनांसाठी. घरात मारहाण होत असल्याची शंका असेल तर नवरा-बायकोला एकत्र बसवून समेट घालू नका. ती त्याच्यासमोर खरं बोलणार नाही, आणि बोलली तर त्याची किंमत घरी गेल्यावर मोजेल. दोघांना वेगळं भेटा, तिला तिच्या सोयीच्या वेळी, शक्यतो मंडळीतल्या जाणत्या बाईबरोबर. आणि बदललेल्या माणसाला साक्ष द्यायला घाईने व्यासपीठावर आणू नका. किमान वर्ष जाऊ द्या. मग आधी त्याच्या बायकोला आणि मुलांना एकेकटं विचारा की घरात खरंच फरक पडलाय का, आणि ही गोष्ट सगळ्यांसमोर सांगितलेली त्यांना चालेल का. त्यांच्यापैकी कुणी एकाने जरी नको म्हटलं, तरी साक्ष पुढे ढकला आणि नको का, ते त्यांच्याकडून ऐकून घ्या.